माझ्या कादंबरीतला शेतकरी शेवटच्या पानापर्यंत जगतो

कापूसकोंडी (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथं नुसती वाचत होते. मागच्या आठवड्यात एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की मराठीत आता प्रेमकथा लिहितं कोण आणि वाचतं कोण. तिथं दोन ओळी टाकायला बसले, त्या एवढ्या लांबल्या की वेगळा धागा काढावा लागला. आयडीवरून कळलंच असेल, गोष्ट लवकर संपणार नाही.

तर, मी लिहिते. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. सहा एकर वावर आहे, त्यातलं दोन एकर विहिरीवर, बाकी कोरडवाहू. नवरा शेती करतो. मी शेती करते आणि शिलाईही करते. आतापर्यंत पाच प्रेमकादंबऱ्या झाल्या, सगळ्या टोपणनावानं आणि सगळ्या स्वतःच काढलेल्या. पुस्तकांची नावं विचारू नका. गावात नवऱ्याला सोडून कुणाला माहीत नाही. सासूबाईंचा भाग वेगळा आहे, तो कुणी विचारलं तर सांगीन.

पहिली कादंबरी रात्रीच्या लाईनमधून आली. शहरातल्यांसाठी सांगते: शेतीपंपाची थ्री फेज लाईन पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला ओलित करायचं असेल आणि पाळी रात्रीची असेल, तर माणूस मध्यरात्री वावरात. माझं लग्न झालं तो हिवाळाच होता. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं. लग्नाला दोन महिने होऊन गेले होते आणि नवऱ्याशी माझं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' एवढंच. तो बॅटरी घेऊन निघायचा आणि मी छताकडे पाहत पडायची, कारण रानडुकरं होती, साप होते. तिसऱ्या रात्री मी उठले आणि म्हटलं, मीही येते. सासरे खाटेवरून खाकरले, पण नाही म्हणाले नाहीत.

ओलित करताना खूप वेळ काहीच करायचं नसतं. एका सरीतून पाणी पोचलं की दांड फोडून दुसरीत वळवायचं, आणि ती भरेपर्यंत बसायचं. त्या रात्री मला कळलं की माझ्या नवऱ्याला एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं. का, तर त्याला कायम खिडकी मिळते म्हणून. मी एवढी हसले की पाणी फुटून शेजाऱ्याच्या वावरात गेलं. सकाळी त्यावरून भांडण झालं, आणि आम्ही दोघं गुन्हेगारांसारखे एकमेकांकडे न बघता उभे. मधुचंद्र म्हणाल तर आमचा तो. कानाला मफलर बांधून, दोन एकर हरभऱ्यात.

हे सगळं कागदावर यायला पुढं चौदा वर्षं गेली.

दुसरं खातं शिलाईचं. ब्लाउजचं माप घेताना बाई जे बोलते ते देवळातही बोलत नाही. हात वर करून उभी असते, तोंड भिंतीकडे, आणि मी पाठीमागं. मग ती भिंतीलाच सांगते. पण मी कुणाचीही गोष्ट आख्खी घेत नाही. एकीचा गळा, दुसरीच्या बाह्या, तिसरीचं अस्तर. शिवून झाल्यावर ज्याचं त्याला ओळखू आलं नाही पाहिजे.

गेल्या साली साठीतल्या एक आजी गडद लाल कापड घेऊन आल्या. म्हणाल्या, "बुढ्यानं आनलं बजारातून. मी आता ह्या वयात कुठी घालू? नातीले शिव." नातीचं माप विचारलं, तर हात वर करून स्वतःच उभ्या राहिल्या. एवढंच. याच्यावर माझी आख्खी चौथी कादंबरी उभी आहे.

तिसरी कादंबरी माहेरची. माझं माहेर शकुंतलेच्या रुळाकाठचं. यवतमाळ-मूर्तिजापूर, अडीच फुटी रुळांवरची ती गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, ते मी लहानपणी पाहिलं आहे. गार्डच खाली उतरून तिकिटं फाडायचा. मी कॉलेजला जायची तेव्हा एक पोरगा चालत्या गाडीतून उतरायचा, गाडीसोबत पायी चालत आमच्या डब्यापर्यंत यायचा आणि तिथं चढायचा. गाडीची चालच तशी होती. तो माझ्या मैत्रिणीसाठी चढायचा. दोन वर्षं चढला आणि एक शब्द बोलला नाही. तिचं लग्न अकोल्याला झालं. गाडी बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली, रुळांमध्ये बाभळी उगवल्या. कादंबरीत मी त्याला बोलायला लावलं. त्यासाठी मला एकशेदहा पानं लागली, इतका तो मुखदुर्बळ.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागावर जे काही लिहून येतं त्यात शेतकरी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रकरणात मरतो. मग उरलेलं पुस्तक त्याच्या मरणाबद्दल असतं. मी ठरवलं, माझा मरणार नाही. कर्ज राहील, बोंडअळी येईल, ऐन वेचणीत भाव पडेल, पण शेवटच्या पानावर तो असेल आणि त्याच्या बाजूला कुणीतरी बसलेलं असेल. लोक म्हणतात ही स्वप्नरंजनाची पुस्तकं. असू द्या. माझ्याकडे शिवायला येणारी प्रत्येक माय म्हणते, पोरगी देईन तर नोकरीवाल्याला देईन. आणि त्याच मायचा स्वतःचा पोरगा तिशी ओलांडलेला, शेती करणारा, बिनलग्नाचा. त्या पोराला कुणीतरी नायक करायलाच पाहिजे होतं. मी केलं.

विचारा काय विचारायचं ते. लाईन चालू आहे तोवर जागीच आहे.


सदाशिवपेठी_चष्मा | मंगळवार, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली. ड्रायव्हरला कायम खिडकी मिळते, हे जन्मात सुचलं नव्हतं.


ठेचा_भाकर | मंगळवार, सकाळी ९:२५

ताई, सासूबाईचं राह्यलं ना! मी तं तेच वाचाले खाली खाली येऊन राह्यलो होतो. विचारून राह्यलो, सांगा.


वरुडचा_बागवाला | मंगळवार, सकाळी १०:०२

ताई, मला वाटतं तुमचं एक पुस्तक माझ्या बायकोनं वाचलं आहे. संत्र्याच्या बागेतलं. तेच असेल तर एक तक्रार आहे. तुमचा नायक वैशाखात झाडावरून संत्री तोडून नायिकेच्या ओट्यात टाकतो. वैशाखात? आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो, त्याची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहार जून-जुलैत फुटतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडा. वैशाखात आम्ही बाग वाचवायला टँकर आणत असतो. प्रेम करायला कोणाला फुरसत आहे?


कापूसकोंडी (धागाकर्ती) | मंगळवार, दुपारी २:३०

बागवाले भाऊ, तेच पुस्तक. मी कापसातली बाई, संत्र्यात घुसले आणि फसले. स्वतः पुस्तक काढण्याचा हा एक फायदा आहे की चूक कळली की रात्रीतून दुरुस्त करता येते. आज फाईल बदलून टाकते. पण प्रसंग काढणार नाही, तोडा फाल्गुनात नेते, होळीच्या आधी. आणि तुमचा टँकर मी घेतला, हं. वैशाखात बाग वाळत असताना दोघं रात्री टँकरची वाट पाहत बसलेत, हे संत्रं तोडण्यापेक्षा बरं आहे.

वहिनींना नमस्कार सांगा. पुस्तक माझं आहे हे त्यांना सांगू नका म्हणणार होते, पण तुम्ही सांगणारच.

आता सासूबाई. मी कादंबरी मोबाईलवर लिहिते, आणि बहुतेक वेळा बोलून लिहिते. शिवून शिवून बोटं दुखतात. मोबाईलला वऱ्हाडी येत नाही, मी 'मले' म्हटलं की तो 'मळे' लिहितो, ते सगळं मग बसून निस्तरावं लागतं. तर दोन वर्षांपूर्वी, असाच हिवाळा, नवरा वावरात आणि मी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून हळू आवाजात फोनला सांगत होते, "तू येजो. घरचे झोपले का मी मागच्या दारानं निंगतो." दारात बघते तर सासूबाई उभ्या. किती वेळच्या उभ्या होत्या देव जाणे.

"कोनासंग बोलून राह्यली वं?"

काय सांगू? म्हटलं, कोणाशी नाही, गोष्ट लिहिते आहे. त्यांचा विश्वास बसेना. फोन दाखवला, त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, वाच मंग. मी आपली वाचत बसले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. सासूबाई पाटावर टेकल्या, मग भिंतीला टेकल्या. शेवटी म्हणाल्या, "त्या पोट्टीचा बाप लय तरास देऊन राह्यला तिले. पुढच्या टायमाले त्याले पाड कुठीतरी."

त्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी विचारतात, बाप पडला का म्हणून. मी ते स्वतः रचते हे त्यांना माहीत आहे की फोनमध्ये कुठूनतरी येतं असं वाटतं, मला अजून कळलेलं नाही. विचारलंही नाही.


ठेचा_भाकर | मंगळवार, दुपारी २:५१

मंग? पडला का बाप?


कापूसकोंडी (धागाकर्ती) | मंगळवार, दुपारी ३:०५

विहिरीत पाडला. पाणी कमरेएवढंच होतं. जावयानंच काढला.


तर्कट | मंगळवार, सायंकाळी ६:४०

सगळे कौतुक करत आहेत म्हणून एक विरोधी सूर. लेखिकाबाईंची शैली चांगली आहे, वाद नाही. पण ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला माहीत झालं, तिथं बसून गोड शेवटाच्या गोष्टी विकणं म्हणजे जखमेवर हळद लावून फोटो काढण्यासारखं आहे. 'शेवटच्या पानापर्यंत जगतो' हे शीर्षक टाळ्या घेतं, पण वास्तवाला टाळतं. वऱ्हाडी बोलीची फोडणी दिली की साहित्य होत नाही.


सदाशिवपेठी_चष्मा | मंगळवार, सायंकाळी ७:१५

तर्कटराव आले, म्हणजे धागा शंभरी गाठणार.


कापूसकोंडी (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ११:२०

तर्कट भाऊ, राग नाही. हे मला पहिल्या पुस्तकापासून ऐकवतात, म्हणून उत्तर तयार आहे. जरा मोठं आहे.

माझी दुसरी कादंबरी विधवेची आहे. तिचा नवरा पहिल्या पानाच्याही आधी गेलेला आहे, विष पिऊन. म्हणजे मी टाळलेलं नाही, फक्त पुस्तक तिथून सुरू केलं. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर सरकारी मदत १ लाखाची. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण आधी केस 'पात्र' ठरावी लागते. जमीन कुटुंबाच्या नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे, ते थकलेलं पाहिजे. माझ्या नायिकेच्या नवऱ्यानं पैसे सोयऱ्याकडून घेतले होते, कागद कुठं नव्हता. केस अपात्र. तहसीलमधून कागद येतो, त्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावापुढे तो शब्द लिहिलेला.

मी तो प्रसंग लिहिताना अडले, कारण कादंबरीतल्या माणसालाही आपण पात्रच म्हणतो. तिकडे ज्याला अपात्र केलं त्याच्या बायकोला मी इकडे पात्र केलं. एवढाच माझा धंदा आहे. त्या बाईवर लेख येतात, माहितीपट येतात, कॅमेऱ्यापुढे तिला दर वेळी रडायला सांगतात. ती पस्तीस वर्षांची आहे. तिला वेचणीला जाताना कुणाची तरी नजर आपल्यावर आहे हे कळतं, आणि त्या दिवशी ती केस नीट विंचरते. हे वास्तव नाही का? मला तर हे जास्त दिसतं, कारण ती बाई माझ्याकडे परकर शिवायला येते, तुमच्याकडे येत नाही.

आता बोली. वऱ्हाडी बोलणारा माणूस आपल्याकडे विनोदी असतो, नाहीतर बिचारा असतो. त्याला प्रेमात पडायचं असलं की लेखक त्याला पुण्याची भाषा देतात. मी देत नाही. माझ्या नायकाचं प्रेमपत्र असं आहे: "मले काई म्हनाचं नोतं. मी डीपीवर चाललोच होतो, तं म्हटलं तुमच्या मोटरीचाई फ्यूज पाहून घेतो." डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. रात्री साडेअकराला, थंडीत, स्वतःच्या वावरापासून दीड किलोमीटर. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा याचा अर्थ काय होतो.

आणि त्या विधवेनं हो कसं म्हटलं तेही सांगते, म्हणजे फोडणी आहे का ते तुम्हीच ठरवा. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. वेचणी उशिरापर्यंत चालली तर झाडावर फुटलेली बोंडंही असतात आणि मागाहून आलेली फुलंही. तो विचारतो, लोक काय म्हणतील? ती ओटीतला कापूस गाठोड्यात रिचवते आणि म्हणते, "कालचं फूल आज पांढरंच राह्यते का?"


तर्कट | बुधवार, सकाळी ८:३०

पात्र-अपात्रचा मुद्दा मान्य. फुलाचं वाक्य चांगलं आहे, हेही मान्य. गोड शेवटाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण पुस्तकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वाचून भांडतो.


ऋद्धपूरकडची | बुधवार, सकाळी ११:१२

ताई, विदर्भात बसून प्रेमकथा लिहिण्याचं कोणाला नवल वाटत असेल तर वाटो. आपण मूळचेच नवरीकडचे. रुक्मिणी विदर्भाची, दमयंती विदर्भाची, अगस्तींची लोपामुद्रा विदर्भाची, अजाची इंदुमती विदर्भाची. आख्ख्या देशाच्या पुराणांना सुना पुरवल्या आपण. आणि सुनाही कशा, रुक्मिणीनं घरच्यांनी ठरवलेला नवरा नाकारून कृष्णाला स्वतः पत्र धाडलं. भागवतात ते सात श्लोकांचं आहे. मला कसं न्यायचं, केव्हा न्यायचं, कुठल्या देवळातून न्यायचं, सगळा बेत तिचाच. (ते देऊळ कुठलं यावर अमरावतीकर आणि कौंडण्यपूरकर यांनी इथं भांडू नये. दर आषाढीला पालखी मात्र कौंडण्यपूरहून पंढरपूरला जाते.)

पण मला सांगायचं ते पुढचं आहे. हेच रुक्मिणीचं लग्न मराठीत पहिल्यांदा एका बाईनं गायलं, ऋद्धपूरला, तेराव्या शतकात. महदंबा. महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून तिनं धवळे रचले, म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून शाळेत नाव घेतात आणि पुढच्या धड्याकडे जातात. ती विधवा होती, हे कोणी थांबून सांगत नाही. तुमची दुसरी कादंबरी ऐकल्यावर मला तीच आठवली. आता ऋद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथल्या कोणी तुम्हाला बोलावलं तर टोपणनावानं जाल की खऱ्या?


कापूसकोंडी (धागाकर्ती) | बुधवार, दुपारी १:४०

हे वाचून मशीन थांबवून बसले आहे. महदंबेचं नाव माहीत होतं, ती विधवा हे माहीत नव्हतं. लग्नाच्या मांडवात जिला पुढं येऊ दिलं नसतं तिनं लग्नाची गाणी रचली. मला हे आधी कळलं असतं तर... नाही, बरं झालं नाही कळलं. भीतीनं लिहिलंच नसतं.

बोलावलं तर नवऱ्याच्या नावानं जाईन. त्याला फिरायला आवडतं, खिडकी मिळाली की झालं.


नवी_लेखणी | बुधवार, सायंकाळी ५:५५

ताई, मी वाशीम जिल्ह्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एक कादंबरी लिहून तयार आहे. पुस्तक स्वतः काढतात म्हणजे नक्की काय करतात? पैसे किती लागतात? मिळतात का?


कापूसकोंडी (धागाकर्ती) | बुधवार, रात्री १०:५०

बाळा, आधी माझी फजिती ऐक. पहिल्या कादंबरीच्या वेळी मी एका शहरातल्या प्रकाशकाकडे गेले. नाव सांगत नाही. त्यानं माझ्याकडून पैसे घेतले आणि ३०० प्रती छापून पाठवल्या. उघडून बघते तर एक फर्मा दोनदा लागलेला आणि एक गायब. म्हणजे सोळा पानं पुन्हा तीच, आणि नेमकी ती सोळा पानं नाहीत ज्यात दोघं पहिल्यांदा बोलतात. तो फोन उचलेना. त्या प्रती आमच्या कोठीत तुरीच्या पोत्यांशेजारी आहेत. पावसाळ्यात खिडकीच्या फटीला लावायला कामी येतात.

नंतर मी किंडलवर गेले. अॅमेझॉननं २०१६ च्या शेवटी मराठीसाठी ते खुलं केलं. तिथं पुस्तक चढवायला पैसे लागत नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये पाहिजे. तुझ्या डीटीपीवाल्यानं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर तिथं नुसत्या चिन्हांची भाजी दिसेल, आधी बदलून घे. ई-पुस्तकाला आयएसबीएन लागत नाही. छापील काढलं तर घे, तो भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर समजून घे.

मानधन ३५ टक्के किंवा ७० टक्के. आपल्याकडे ७० पाहिजे असेल तर ९० दिवसांचा करार असतो, तेवढे दिवस ते पुस्तक ई-स्वरूपात दुसरीकडे कुठंच ठेवायचं नाही. म्हणजे प्रतिलिपी या गोष्टींच्या अॅपवर क्रमशः टाकलेलं असेल तर आधी तिथून काढ. हा हिशोब मला उशिरा कळला. वर्गणीदार वाचकांनी किती पानं वाचली त्याचेही पैसे येतात, पानागणिक, म्हणून कंटाळवाणं पान किती महाग पडतं ते लगेच समजतं. एका कादंबरीत मी बैलपोळ्याचं चार पानी वर्णन केलं होतं. वाचक तिथं येऊन थांबायचे. दीड पानावर आणलं.

सगळ्यात भारी म्हणजे अमेरिकेच्या करासाठी एक फॉर्म भरावा लागतो. मी तो पॅन कार्ड घेऊन, पिको-फॉलच्या साड्यांच्या ढिगाऱ्यावर बसून भरला. महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी पैसे बँकेत येतात. किती, ते विचारू नको. पहिल्या वर्षी मशीनला मोटर बसली, दुसऱ्या वर्षी फॉल-पिकोची मशीन आली. नवऱ्याची शेती आणि माझी शिलाई यांच्या मधोमध ते एक तिसरं पीक समज. पाऊस त्याला लागत नाही, पण भावाची गॅरंटी तिथंही नाही.

प्रतिलिपी मात्र शिकायला चांगली. भाग टाकला की रात्रीतून बाया लिहितात, भाग लहान झाला, त्या नणंदेला शिक्षा झाली पाहिजे, वगैरे. संपादक मिळाला नाही तरी नणंदेवर चिडणाऱ्या पाच बाया मिळाल्या पाहिजेत. तुझी कादंबरी कशावर आहे?


नवी_लेखणी | बुधवार, रात्री ११:०४

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतल्या दोघांवर. शेवट अजून ठरत नाही. दोघांपैकी एकच पास होतं.


कापूसकोंडी (धागाकर्ती) | बुधवार, रात्री ११:०९

पोरगी पास कर. मग बघ पुढं आपोआप अवघड होत जातं.


झाडीकर | गुरुवार, सकाळी ९:४५

वऱ्हाडवाल्यांचं सगळं ऐकून घेतलं जी. आता झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचंही थोडं ऐका. प्रेमाच्या बाबतीत आमचा संस्कृत नाटककार भवभूती कोणाला विसरता येत नाही. तो स्वतः सांगतो, विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणून. आमगावजवळचं पद्मपूर तेच, असं मानतात.

पण जुनं सोडा. ताई, तुम्ही झाडीपट्टीची नाटकं पाहिली का? दिवाळी झाली की सीझन सुरू, होळीपर्यंत. वडशाला ओळीनं कंपन्यांची ऑफिसं आहेत, गावं तिथं येऊन नाटक बुक करतात. मंडईची जत्रा असो की शंकरपटाची बैलशर्यत, त्या रात्री गावात नाटक असतेच. रात्री दहाला पडदा, सकाळी पाखरं बोलेपर्यंत. घरोघरी पाहुणे, नाटकाच्या नावानं लेकी-जावई येतात, आणि लग्नाची पोरंपोरी दाखवायची असली तर त्याच रात्री दाखवून होते. अर्ध्या झाडीची लग्नं तिथं जमली. माझं पण. मी खुर्चीच्या तिकिटात बसलो होतो, ती खाली जमिनीवर. मी खुर्ची सोडून खाली गेलो, तिकीट वाया. बाप अजून त्या पैशाचं बोलते.

आमचे परशुराम खुणे, त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांना पाहून लोक हसून हसून रडायचे. एकाच रात्री हसणं, रडणं, गाणं, खून, लग्न, सगळं. तुमच्यासारख्या लिहिणाऱ्या बाईनं हे बघितलं नाही तर काय बघितलं?


कापूसकोंडी (धागाकर्ती) | गुरुवार, दुपारी १२:३०

झाडीकर भाऊ, नाही पाहिलं. यवतमाळची बाई, पूर्वेला नागपूरच्या पुढं दोनदाच गेले, तेही लग्नाला. पण खुर्ची सोडून जमिनीवर बसणारा माणूस मला पाहिजे. सहाव्या कादंबरीसाठी मी दोन महिने अडले आहे. नायिका नाटक कंपनीत काम करणारी असावी, की खाली बसून नाटक पाहणारी? कंपनीतल्या बायकांचं दिवसाचं जगणं कसं असतं? रात्रभर उभं राहून सकाळी ट्रकमध्ये झोपतात का? त्यांच्याशी बोलता येईल का? मी लेखिका म्हणून येणार नाही, साड्यांना फॉल लावणारी म्हणून येईन. त्याच नात्यानं बाया बोलतात.


झाडीकर | गुरुवार, दुपारी १:१५

या ना जी. कंपनीत शिवणाऱ्या बाईला कोण नाही म्हणते? दर नाटकाला कोणाचा ना कोणाचा परकर फाटलेला असते. पौषात आमच्या गावी पट आहे, त्या रात्रीचं नाटक ठरलं आहे. यवतमाळहून नागपूर, नागपूरहून ब्रम्हपुरीची गाडी, तिथून वडसा जवळच. स्टँडवर मी उभा राहीन. माझी बायको म्हणते, ताई आमच्याकडेच राहतील. थंडी लय पडते, मैदान नदीकाठचं. खाली बसायचं तर तणसावर बसा, आणि अंगावर घ्यायला जाड चादरी आणजा. दोघं येत असाल तर दोन आणा.


ठेचा_भाकर | गुरुवार, दुपारी १:२२

ताई, सासूबाईलेई न्या. रात्रभर फुकट बाप पडते तिथी.


कापूसकोंडी (धागाकर्ती) | गुरुवार, रात्री ९:३५

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, म्या राह्यतो ढोराईपाशी, तुम्ही जा.

नवऱ्यालाही विचारलं. त्या आठवड्यात आमच्याकडे लाईन दिवसाची आहे, रात्री मोकळ्या. येतो म्हणाला. चादर एकच आणतो.